लटारूचे तीन मोर

धानाच्या कट्ट्याचं, म्हणजे पोत्याचं, तोंड शिवणारा माणूस आणि कापडावर मोर काढणारा माणूस एकच असू शकतो, असं मी सांगितलं की ऐकणारा हसतो. म्हणतो, बाबा, तुम्ही फेकून राहिले. फेकायची थोडी सवय मला आहे, नाही म्हणत नाही. पण ही गोष्ट फेकीची नाही. हिच्यात अर्धा वेळ मी स्वतः कट्ट्याचं तोंड धरून उभा होतो.

सन सत्तावन्नची गोष्ट. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, सगळा मिळून एकच चांदा. धानोऱ्यात एका व्यापाऱ्याचं धानाचं गोदाम होतं आणि आजूबाजूच्या गावांतली आम्ही दहा-बारा माणसं हंगामाला तिथं कामाला असायचो. मी मुखरू, चौथी पास, बावीस वर्षांचा. लटारूभाऊ माझ्याच गावचा, चाळिशी ओलांडलेला, उंच, खांद्यात थोडा वाकलेला, आणि बोलणं एवढं कमी की बायको त्याला दिवसातून दोनदा विचारायची, ऐकून राह्यले का. मी बोलायचो, तो शिवायचा. मी कट्ट्याचं तोंड आवळून धरायचं, त्यानं दाभणात सुतळी ओवून टाके घालायचे. चार बोटांवर एक टाका. टाका घातला की असा हिसका द्यायचा, की माझ्या खांद्याची हाडं वाजायची.

त्याच्या शिवणीची कीर्ती होती. एकदा कठाणी नदीत गाडी कलंडली आणि त्याने शिवलेला एक कट्टा पाण्यात गेला. दोन दिवसांनी लोकांनी बाहेर काढला तेव्हा आतल्या धानाला मोड येऊन ते तागातून बाहेर डोकावत होते, पण तोंडाची शिवण जशीच्या तशी. व्यापारी धानासाठी हळहळला आणि लटारूभाऊ शिवणीकडे पाहत राहिला. मला हळूच म्हणाला, "एक टाका तिरपा गेला हो." असा माणूस.

त्याला मुलगी एकच, कमळा. तिचं लग्न आरमोरीकडच्या एका घरात ठरलं. मुलगा देवाजी, चांगला सरळ, धानाच्या तीन बांध्या, म्हणजे खाचरं. पण त्या घरात चालायचं ते देवाजीच्या आत्याचं. तिचं नाव मनकर्णाबाई. लहानपणी विधवा होऊन माहेरी आली, भावाचं घर सांभाळलं, देवाजीला वाढवलं, आणि उरलेल्या वेळात भरतकाम केलं. त्या भागात तिच्या हाताला तोड नव्हती. आणि तिच्या डोळ्यालाही नव्हती, तेच अवघड होतं.

आपल्याकडे लग्नात मुलीकडचं रुखवत मांडतात. शेवया, पापड, कुरड्या, आणि मुलीच्या हातचं भरलेलं कापड. वरपक्षाच्या बाया ते बघतात, नावं ठेवतात, दोन गाणी म्हणतात आणि सोडून देतात. मनकर्णाबाई सोडून देत नसे. ती कापड उचलून उलटं करायची. समोरून फूल दिसतं, मागून काय दिसतं ते बघायची. एका लग्नात तिनं एका मुलीचा उशीचा अभ्रा उलटा करून मांडवाच्या खांबाला लटकवला होता. मागं दोऱ्यांचा नुसता गुंता. त्या मुलीला सासरी पुढं वीस वर्षं "गुंताबाई" म्हणत होते, सासू गेली तरी नाव गेलं नाही. सुपारी फुटली तेव्हा मनकर्णाबाईनं कमळाकडे बघून एवढंच म्हटलं होतं, की पोरीच्या हाताची सफाई रुखवतावर पाहू.

कमळानं मनावर घेतलं. तिनं टेबलावर टाकायचा कपडा भरायला काढला. आमच्या गावात टेबल एकच होतं, शाळेत, आणि त्याच्या एका पायाखाली वीट होती. पण रुखवतात टेबलाचा कपडा मांडायची तेव्हा टूम निघाली होती, त्याला काय करणार. पांढरं कापड, चार कोपऱ्यांत चार मोर, चारही काठांना वेल. होळीच्या आधी तिचा एक मोर पूर्ण झाला. आणि होळीच्या आदल्या दिवशी ती तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, गाडीवरून घसरून पडली. उजवा हात मनगटात मोडला.

लालसू पुजारी म्हणून एक गोंड म्हातारा दोन कोसांवर राहायचा. हाडं त्याच्याकडूनच बसवून घ्यायची, सगळा भाग तेच करायचा. माझं एक बोट त्यानंच बसवलेलं आहे, अजून पाऊस यायचा असला की आधी कळवतं. त्यानं कमळाचा हात बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, आखाडात ही पोरगी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करेल, पण तोवर बारीक काम नाही. लग्न वैशाखात.

आता पंचाईत बघा. हात मोडल्याचं वरपक्षाला कळवलं तर ते म्हणणार, हात कायमचा अधू झाला असेल, लपवतात. शेतकऱ्याच्या घरात हाताशिवाय सून कोण नेतो? न कळवावं, तर रुखवतात एक मोर आणि तीन रिकामे कोपरे. गावातल्या एखाद्या मुलीकडून भरून घ्यावं, तर रुखवत घरच्याच हाताचं पाहिजे, असा रिवाज. शिवाय गावात कळलेलं आरमोरीला पोहोचायला बाजाराचा एक दिवस पुरे. कमळाची आई रुखमाबाई. ती म्हणाली, मला गोधडीची सुई दिसत नाही, मोर कुठून दिसणार.

लटारूभाऊनं एक रात्र नि एक सकाळ कमळाचं कापड उलटंसुलटं करून पाहिलं. मग गोदामात मला म्हणाला, "रुखवत घरच्या हाताचं पायजे ना? मी घरचाच हावो. सुईच हाय ना शेवटी."

मला हसू आलं, पण त्याचं तोंड पाहून गिळलं. त्यानं मला कट्ट्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की कोणाला बोलायचं नाही. मला. दोन महिने. त्या दोन महिन्यांत माझं जे झालं ते मलाच ठाऊक. पोट फुगायचं.

त्यानं दुसऱ्या मोराच्या मानेपासून सुरुवात केली. चार दिवसांनी दुपारच्या सुटीत त्यानं बंडीच्या आतून कापड काढून मला दाखवलं. त्या कोपऱ्याचा पार सुकलेला आवळा झाला होता. कापड मधोमध गोळा झालेलं, चारी बाजूंनी चुण्या, आणि त्या चुण्यांत कुठंतरी मोर. का झालं असं? कट्ट्याचा हिसका. प्रत्येक टाक्याला तो हिसका देत होता, धान सांडू नये म्हणून. आणि मागं प्रत्येक दोऱ्याच्या शेवटी कट्ट्याची गाठ, बोराएवढी.

"चांगला नाई ना?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "भाऊ, नदीत पडला तरी सुटनार नाई."

धानोऱ्यात इब्राहीम शिंपी होता. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं घर, ओट्यावर मशीन. त्याची आई खुर्शीदाबी. ती पूर्वी मोठ्या घरांतून भरतकामाचे कपडे घेऊन करून द्यायची. आता साठी झाली होती, चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधून कानात अडकवायची. लटारूभाऊ तिच्याकडे गेला, मला घेऊन, कारण सांगायचं मला येत होतं. मी सगळं सांगितलं. खुर्शीदाबीनं कापड घेतलं आणि आधी उलटं केलं. समोरची बाजू तिनं पाहिलीच नाही. बराच वेळ मागचं पाहून म्हणाली, "लटारूभाऊ, इसमें से धान गिरने वाला है क्या? मंग इतला काऊन आवळला?"

मग तिनं कैची त्याच्या हातात दिली. म्हणाली, उसवा.

लटारूभाऊनं चार दिवसांचं काम एका दुपारी उसवलं. पुढंही त्यानं फार उसवलं. मला वाटतं तो शिवायला शिकला त्याहून आधी उसवायला शिकला, आणि कापडाला भोक न पाडता उसवणं हीही एक कला आहे, खुर्शीदाबी म्हणायची.

पहिल्या दिवशी तिनं दोरा हातात धरला आणि विचारलं, एवढा लांब कशाला? लटारूभाऊ कट्ट्याच्या सवयीनं वावभर दोरा ओवत होता, म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढा होईल तेवढा. तिनं त्याच्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत मोजून दोरा कापला. लांब दोरा कापडातून शंभर वेळा जातो, घासतो, त्याला लव सुटते, मग टाका केसाळ दिसतो. लटारूभाऊला ते पटलं, पण पुन्हा पुन्हा सुई ओवणं आलं. त्याची बोटं म्हणजे भोपळ्याचे देठ आणि सुईचं भोक म्हणजे मुंगीचा डोळा. एक दोरा ओवायला त्याला तेवढा वेळ लागायचा, जेवढ्यात आम्ही दोन कट्टे शिवायचो. पुढं त्यानंच एक युक्ती काढली. सकाळीच रुखमाबाईच्या शेजारणीच्या लेकीकडून, कारण न सांगता, दहा सुया ओवून घ्यायचा. ती मुलगी म्हणे, लटारूबाबा दिवसाला दहा सुया मोडतात का?

मग गाठी. खुर्शीदाबी म्हणाली, गाठ घालायचीच नाही. सुरुवातीला दोन बोटं दोरा मागं सोडायचा आणि पुढचे टाके त्याच्यावरून घ्यायचे, तो आपोआप दबतो. संपताना सुई मागच्याच चार टाक्यांखालून सरकवायची आणि दोरा कापायचा. लटारूभाऊ घाबरला. गाठ नाही तर सुटेल की. खुर्शीदाबीनं स्वतःच्या जुन्या ओढणीचा कोपरा त्याच्यापुढं केला आणि ओढून बघायला सांगितलं. त्यानं ओढला, कट्टेवाल्याच्या ताकदीनं ओढला. ओढणी फाटली, टाका सुटला नाही. खुर्शीदाबी फाटलेल्या ओढणीकडे पाहून हसली, आणि इब्राहीम मशीनवरून म्हणाला, अम्मा, आता त्याला माझा शर्ट ओढायला देऊ नको.

हिसका मात्र जाईना. तिनं सांगितलं, दोरा कापडावर झोपला पाहिजे, गाडला नाही पाहिजे. लटारूभाऊनं बांबूच्या दोन पट्ट्या वाकवून स्वतःच गोल रिंग केली, तिला चिंध्या गुंडाळल्या, कापड ढोलकीसारखं ताणलं. रिंगेत असेपर्यंत मोर छान. रिंग काढली की पुन्हा आवळा. शेवटी खुर्शीदाबीनं शिंदीच्या झाडूची एक काडी मोडून दिली. टाका घेताना काडी खाली धरायची, दोरा काडीवरून येऊ द्यायचा, आणि मग काडी हळूच ओढून घ्यायची. काडी जेवढी जाड तेवढाच दोरा सैल राहतो, ना कमी ना जास्त. त्या काडीनं त्याचा हिसका मेला. आठ दिवसांत काडी न धरताही हात तिथंच थांबायला लागला.

आणि मग एक मजा झाली. गोदामात त्याचा हात बदलला. कट्ट्याचे टाके एकासारखे एक, सुतळीची टोकं आत सरकवलेली, गाठ कुठं दिसेना. एवढं देखणं तोंड, की गाडीवाले थांबून पाहायचे. पण वेळ दुप्पट. मुनीम आला, दहा कट्टे पाहिले, म्हणाला, "लटारू, हे धान मिलात जाऊन राह्यले का सासरी जाऊन राह्यले?" माझं पोट तिथंच फुटायचं, पण शपथ होती.

आता तांदळाची गोष्ट. सगळे टाके सारख्या लांबीचे पाहिजेत, ही लटारूभाऊची खरी अडचण. कट्ट्याला चार बोटं हे माप होतं, कापडाला काय? डोळ्यांनी मोजायला तिनं सांगितलं, पण त्याला डोळ्याचा भरवसा नव्हता, हाताला धरता येईल असं काहीतरी हवं होतं. मग खुर्शीदाबी धानवाल्याशी धानाच्या भाषेत बोलली. म्हणाली, एक टाका म्हणजे अर्धा तांदूळ. लटारूभाऊचं तोंड असं उजळलं जणू कोणी दिवा लावला. त्यानं चिन्नोर जातीच्या तांदळाचा एक अख्खा दाणा घेतला, बारीक, लांबट, कापडाशेजारी रिंगेवर मेणानं चिकटवला आणि त्याच्या अर्ध्याशी ताडून प्रत्येक टाका घेऊ लागला. दुसरा मोर त्या दाण्यावर पूर्ण झाला. खुर्शीदाबीनं उलटा करून पाहिला आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे आम्हाला पेढे.

तिसऱ्या मोराचं पोट भरून झालं आणि पिसारा चालू होता. लटारूभाऊ रिंग अंगणात ठेवून पाणी प्यायला आत गेला आणि कोंबडीनं माप खाल्लं. त्यानं घरातल्या टोपलीतून दुसरा दाणा घेतला, चिकटवला आणि काम पुढं चालू. महिना राहिला होता, घाई होती. सहा दिवसांनी तो पिसारा घेऊन गेला. खुर्शीदाबीनं कापड उलटं केलं, मग सुलटं केलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"तांदूल बदला?"

लटारूभाऊला कळेना. घरी येऊन टोपली पाहिली तर तिच्यात लुचई, दुसऱ्या जातीचा तांदूळ. लुचईचा दाणा जाड आणि लांबीला थोडा वेगळा. आयुष्यभर ज्यानं डोळे मिटून दाणा ओळखला, त्या माणसानं घाईत लुचई चिकटवली. पोटाचे टाके एका मापाचे, पिसाऱ्याचे दुसऱ्या. तुम्हाआम्हाला दिसलं नसतं. मला तर दाखवूनही दिसलं नाही. मी म्हटलं, राहू दे भाऊ, मोराचा पिसारा मोठाच असतो. पण त्यानं सहा दिवसांचा पिसारा उसवला. उसवताना एकदाच म्हणाला, की मनकर्णाबाईला दिसेल.

त्या दिवसापासून तो सकाळी उजाडताच बसायचा. उजेड डावीकडून यावा म्हणून अंगणात खाट फिरवत न्यायचा, ऊन जसं सरकेल तसं. वैशाखाचा घाम, पांढरं कापड. तो तांदळाच्या पिठात बोटं बुडवून मग सुई धरायचा. अंगणातून जाणारे विचारायचे, काय हो लटारूभाऊ, भाकरी थापून राह्यले का? कापडावर तो उपरणं टाकायचा आणि हो म्हणायचा. कमळा शेजारी बसून बघायची. तिचा हात पदराआड गळ्यात बांधलेला, आणि तोंड चालायचं. बाबा, मोराचा पाय वाकडा. बाबा, निळा दोरा तिथं नाही, इथं. रुखमाबाई म्हणायची, या घरात आता बाप सुईचा आणि लेक जिभेची.

चौथा मोर लग्नाच्या चार दिवस आधी झाला. वेलही झाली. आम्ही शेवटचं कापड खुर्शीदाबीकडे नेलं. तिनं मागची बाजू पाहिली. तीन मोर मागून असे, की समोरचं मागचं कळू नये. मग तिनं पहिल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कमळाचा मोर. समोरून छान, पण मागं गाठी होत्या, सात-आठ, आणि दोन ठिकाणी दोरा एका पिसातून दुसऱ्या पिसात उडी मारून गेलेला. खुर्शीदाबी म्हणाली, चार दिवस आहेत, हा उसवा, तुमच्या हातानं भरा, चार मोर एकसारखे होतील.

लटारूभाऊनं कापड तिच्या हातातून घेतलं, घडी केली. म्हणाला, तो नाई उसवत. आणि घरी निघाला. दोन महिन्यांत त्यानं तिचं न ऐकलेलं एवढंच.

लग्नाचा दिवस. कमळाच्या हाताच्या कामट्या नुकत्याच सुटल्या होत्या. गोरज मुहूर्त, म्हणजे दिवस मावळताना. वऱ्हाड दुपारी आलं. देवाजी बिचारा मुंडावळ्या बांधून घामानं निथळत बसला. खुर्शीदाबी इब्राहीमसोबत आली होती, बायांत मागं बसली होती. रुखवत मांडलं. शेवया पाहून झाल्या, पापड पाहून झाले. मनकर्णाबाई आली. ठेंगणी, पांढरं लुगडं, पदर घट्ट. मोरांचं कापड खाटेवर पसरलेलं होतं.

तिनं एक कोपरा उचलला, उलटा केला. कमळाचा मोर. मान हलवली, म्हणजे ठीक, चालेल. दुसरा कोपरा उचलला, उलटा केला. आणि थांबली. तिसरा. चौथा. मग सगळं कापड उचलून मांडवाबाहेर उन्हात घेऊन गेली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. आम्ही दोन महिने मोर खराब होईल याची भीती बाळगली होती. मोर जास्त चांगला होईल याची भीती कोणीच बाळगली नव्हती.

बाई मांडवात परत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा एक मोर पोरीचा हाय. हे तीन मोर पोरीचे नाई. कुठून इकत आनले?"

वऱ्हाडातलं कोणीतरी हसलं. विकतचं रुखवत म्हणजे काय, हे तुम्हाला आज सांगून कळणार नाही. मुलीला काही येत नाही आणि बाप खोटा, असं दोन्ही त्यात येतं. लटारूभाऊ पाण्याची घागर घेऊन चालला होता. त्यानं ती खाली ठेवली. मी त्याच्या कानाशी गेलो आणि म्हटलं, सांग, पोरगी शिकत गेली, पहिला कच्चा, मग हात बसला. चांगलं उत्तर होतं. मी आजही म्हणतो चांगलं होतं.

तो पुढं गेला. "घरच्या हाताचं हाय, बाई. इकत नाई आनलं."

"कोनाच्या हाताचं?"

"माह्या."

मग जो हशा पिकला, तो विचारू नका. बँडवाले थांबले. एक म्हातारा म्हणाला, कट्टे शिवणाऱ्याचे मोर, उद्या धान पेरतील. मनकर्णाबाई मात्र हसली नाही. तिनं लटारूभाऊचा डावा हात मागितला आणि पहिलं बोट उलटं करून पाहिलं. रिंगेच्या खाली जे बोट असतं, त्याला सुई वरून येऊन टोचते. लटारूभाऊच्या त्या बोटाच्या टोकाला एवढे बारीक टोचे होते, की मेंढीच्या नाकासारखं खरखरीत झालं होतं. बाईनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. तसंच.

मग तिनं हळू आवाजात विचारलं, "पोरीनं काऊन नाई केले?"

इथं सगळं अडलेलं होतं, आणि लटारूभाऊला ते माहीत होतं. त्यानं खोटं सांगितलं नाही. होळीला हात मोडला, लालसूनं बसवला, जुळला आहे, आम्ही कळवलं नाही, भीती वाटली. सगळं चार वाक्यांत. वऱ्हाडातले पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. देवाजीच्या काकानं उपरणं खांद्यावर टाकलं, उठायला निघाल्यासारखं. रुखमाबाई दारात उभी होती, तिनं पदर तोंडात धरला.

मनकर्णाबाई आत गेली. आत काय झालं ते रुखमाबाईनं मला नंतर सांगितलं. बाईनं कमळाचं मनगट चाचपलं, फिरवून पाहिलं, आणि स्वतःचा हात तिच्या हातात देऊन म्हणाली, दाब. कमळाला बाहेरचा हशा ऐकू आलेला होता, ती आधीच भडकलेली. तिनं असा दाबला, की बाईला दुसऱ्या हातानं सोडवून घ्यावा लागला.

बाई बोटं चोळत बाहेर आली. काकाला म्हणाली, "बसा खाली. हात मोडला नाई, जुडला हाय. माह्या बोटाले इचारा."

काका बसला. बाई पुन्हा कापडाजवळ गेली, कमळाच्या मोरावर हात ठेवून लटारूभाऊला म्हणाली, "हा पयला मोर उसवून तुमीच भरला असता, तं मले काईच समजलं नसतं."

"तो तिचा हात हाय, बाई. तो उसवला असता तं हे रुखवत माहं झालं असतं, तिचं कसं?"

बाई खाटेवर बसली, चौथा मोर उलटा केला आणि नखानं दोऱ्याचा शेवट शोधायला लागली. सापडेना. चेहऱ्यावरचा तो ताठा हळूहळू उतरला आणि तिथं निव्वळ उत्सुकता आली, शाळेतल्या पोरीसारखी. ती म्हणाली, दोरा संपला कुठं? मी तीस वर्षं करून राह्यली, माझी बारीक का होईना गाठ राहते. लटारूभाऊ खाली बसला, घरातून सुई मागवली, स्वतःच्या नव्या उपरण्याच्या टोकावर दोन बोटं दोरा सोडून टाके घ्यायला लागला. बाई वाकून बघते आहे, वऱ्हाडाच्या बाया त्यांच्यावर वाकून बघताहेत. बाईनं विचारलं, कोणी शिकवलं? मागून खुर्शीदाबी उठली, चष्मा कानात अडकवला आणि पुढं येत म्हणाली, मैंने. आणि लगेच तिसऱ्या मोरावर बोट ठेवून सांगितलं, याचा एक पाय अजून थोडा बाहेर आहे, बाई, वेळ नव्हता म्हणून सोडला.

आता तिघं तिथं. भटजी मांडवातून ओरडताहेत, दिवस मावळायला आला, मुलीचे वडील कुठं. लटारूभाऊ म्हणतो, येतो महाराज, एवढा दोरा आत सरकवतो. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मनकर्णाबाईनंच भटजींना सांगितलं, की दिवस अजून वीतभर आहे, ओरडू नका. शेवटी मी लटारूभाऊला आणि मनकर्णाबाईला हाताला धरून उठवलं. लग्न लागलं ते मावळत्या उजेडात का दिव्यात, यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत. मी मावळत्या उजेडाच्या बाजूचा.

पुढचं थोडक्यात सांगतो, थोडक्यात सांगणं मला जमत नाही पण. वरातीआधी मनकर्णाबाईनं सगळ्यांसमोर कमळाला सांगितलं, की आखाडापर्यंत तुझ्या या हाताला आमच्या घरी तेल लावीन, काम लावणार नाही, आणि पाऊस उघडला की आपण दोघी तुझ्या बापासारखा दोऱ्याचा शेवट करायला शिकू. कमळा म्हणाली, मला येतो, मी बघून बघून शिकले, तुम्हाला मी शिकवीन. लग्नाच्या दिवशीच असं बोलणारी सून त्या भागात नवीच होती. बाई हसली म्हणतात. मी पाहिली नाही, मी तेव्हा जेवायला बसलो होतो.

आणि माझ्या शेजारी लटारूभाऊ. हळद लागल्यापासून त्याच्या पोटात भाकरीचा तुकडा टिकत नव्हता, हे रुखमाबाईनं मला आधीच सांगितलेलं. आता तो शेवटच्या पंगतीत पाय दुमडून बसला, उपरण्याच्या टोकाला सुई तशीच टोचलेली. भात घेतला, वरण घेतलं, वांग्याची भाजी घेतली, पुन्हा भात घेतला. वाढणारे बदलले, हा बदलला नाही. बुंदीची परात आली तेव्हा वाढपी हात आखडून वाढायला लागला. लटारूभाऊ, जो दिवसातून दहा शब्द बोलायचा, मान वर न करता त्याला म्हणाला, "अरे, सैल हातानं वाढ ना. कट्टा शिवून राह्यला का?"